तलवारीवरची माळ

"मॅडम, यातली तलवार कुठंय?"

चारुलता मोघेने टाइपरायटरवरून मान वर केली. दारात एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. केसांत लाकडाचा भुसा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हातात तिनेच आदल्या दिवशी टाइप करून पाठवलेले दोन कागद.

"कुठली तलवार?"

"तेच विचारायलोय की मी. तुम्ही लिहिलंय, तलवार घट्ट बसवावी. आम्ही सगळं खोकं उपसलं. गवत निघालं, नट आवळायचे पाने निघाले, एक जर्मन वर्तमानपत्र निघालं. तलवार काही निघाली नाही."

हे तो इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला, की हा खरंच विचारतोय की चेष्टा करतोय हेच तिला कळेना.

एकोणऐंशी सालची गोष्ट. चिंचवडच्या त्या कंपनीचा एका जर्मन कंपनीशी करार होता. तिकडून येणारी पत्रं, नकाशे, माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत करून देणं हे चारुलतेचं काम. पुण्याला जाऊन-येऊन ती जर्मन शिकली होती आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. पहिल्या मजल्यावर तिची एवढीशी खोली होती, एक टेबल, एक कपाट आणि मागच्या आवाराकडे उघडणारी एक खिडकी. त्या आवारात नवीन शेड व्हायची होती. त्यासाठी तिथली झाडं काढायची होती. वर्क्स मॅनेजरसाहेब जर्मनीला जाऊन आले होते, तिथे त्यांनी एका माणसाला पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीने बघता बघता झाड आडवं करताना पाहिलं, आणि तेव्हापासून तशी करवत आपल्याकडे असावी हे त्यांनी मनावर घेतलं होतं. नव्या यंत्रांबरोबर ती आता आली होती. माहितीपुस्तकाची दोनच पानं चारुलतेपर्यंत पोचली होती, तीही चित्रांशिवाय.

"मूळ शब्द श्वेर्ट आहे," ती जरा ताठ होऊन म्हणाली. "श्वेर्ट म्हणजे तलवार. शब्दकोशात बघा हवं तर."

"असेल. पण आमच्या खात्यात लढाई नाही मॅडम. झाडं पाडायचीत."

"तुम्ही मशीन नीट बघितलंत का?"

"हौ, बघितलं. तुम्ही बघितलंत?"

तिने बघितलं नव्हतं. खोकं अजून उघडायचं होतं तेव्हाच तिने भाषांतर करून टाकलं होतं. तो जाता जाता मागे वळून म्हणाला, "मी चौसाळकर. मधुसूदन. मेंटेनन्सला नवीन आहे. तलवार सापडली, तर म्यान कुठं ठेवायचं ते विचारायला येईन परत."

तो गेल्यावर चारुलतेने टाइपरायटरच्या कळांवर इतक्या जोरात बोटं मारली, की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावून गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कंपनीत यंत्रांची पूजा. लेथ, प्रेस, ड्रिलिंग मशीन... सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार. नवी करवत मागच्या आवारात एका स्टुलावर, लाल कापडावर ठेवली होती. साहेब स्वतः ती पहिल्यांदा सुरू करणार होते.

सकाळी मधुसूदनला दुसऱ्या शेडमध्ये काम निघालं. करवतीची तयारी पॅकिंगच्या ज्योतीरामकडे आली. ज्योतीराम कामाला चोख. त्याने चारुलतेचा कागद समोर धरला आणि मोठ्याने वाचला, "सुरू करण्यापूर्वी तलवारीवर माळ नीट बसली आहे याची खात्री करावी."

हे तिचंच वाक्य. मूळ शब्द होता केट्टे. त्याचा अर्थ साखळी, आणि गळ्यातली माळसुद्धा. तलवारीभोवती साखळी कशाला असेल, असा तिने विचार केला होता. तलवार आहे, तर माळ असणार.

"बघा," ज्योतीराम जमलेल्या लोकांना कौतुकाने म्हणाला, "जर्मन लोकबी खंडेनवमी करत्यात." आणि करवतीच्या पुढे आलेल्या त्या लांब, चपट्या पात्यावर त्याने झेंडूची जाड माळ दोन वेढे देऊन नीट बसवली. खात्रीही केली.

नारळ फुटला. साहेबांनी कोट काढून कारकुनाच्या हातात दिला आणि मशीन सुरू करायची दोरी धरली. तेवढ्यात मधुसूदन शेडमधून धावत येताना दिसला. "सर, थांबा... ती माळ..."

साहेबांनी दोरी ओढली.

पुढे जे झालं ते चिंचवडात बरेच दिवस सांगितलं जात होतं. एक मोठा आवाज झाला आणि झेंडूच्या पाकळ्यांचा फवारा उडाला. साहेबांच्या चष्म्यावर, कारकुनाने धरलेल्या कोटावर, पुढे उभ्या असलेल्या बायकांच्या केसांत, ज्योतीरामच्या उघड्या तोंडात... सगळीकडे केशरी पाकळ्या. मग हाराचं सूत आत गुंडाळलं गेलं, मशीन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि सगळं आवार हसायला लागलं. फक्त साहेब हसत नव्हते.

"मिस मोघे," चष्मा पुसत ते म्हणाले, "जर्मनीत हे असंच करतात?"

चारुलतेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं.

"सर," मधुसूदन पुढे येत म्हणाला, "तिकडं झेंडू मिळत नसल. म्हणून त्यांनी हे कधी करून बघितलं नाही."

आता मात्र साहेबांनाही हसू आवरलं नाही.

दुपारी ती स्वतःच खाली गेली. तो आवारात एका ओंडक्यावर बसून चिमट्याने एकेक सुताचा तुकडा बाहेर काढत होता. तिला बघून उठायला लागला.

"बसा," ती म्हणाली. "मला मशीन दाखवा. मी शब्द सांगते, तुम्ही वस्तू दाखवा. पुन्हा असं व्हायला नको."

"का? चांगलं झालं की. साहेबांवर कुणी फुलं उधळली असती एरवी?"

"तुम्ही हसलात ना?"

"मी?" त्याने चिमटा खाली ठेवला. "मी नाही हसलो. खरं सांगतो. तुमचा चेहरा बघितला आणि हसू आलंच नाही."

चारुलतेने घाईघाईने कागदात डोकं घातलं.

त्या दिवसापासून दुपारच्या चहानंतर थोडा वेळ ती खाली जाऊ लागली. हे कामच होतं; साहेबांनी तसं सांगितलंही होतं. ती जर्मन शब्द वाचायची, तो मशीनच्या त्या भागावर बोट ठेवायचा, मग दोघं मिळून लोकांना समजेल असं नाव शोधायचे. तलवारीचं पातं झालं. माळेची साखळी झाली. पण आवारातली माणसं मात्र तलवारच म्हणत राहिली.

मधुसूदन अंबाजोगाईचा. औरंगाबादेत डिप्लोमा करून नोकरीसाठी इकडे आला होता आणि पिंपरीत तिघांबरोबर एका खोलीत राहत होता. "करायलोय, बघायलोय" असं तो बोलला, की खात्यातले लोक त्याची नक्कल करायचे. चारुलतेला मात्र ते बोलणं ऐकत राहावंसं वाटे. तिच्या घरात सगळे पुस्तकातल्यासारखं बोलत. त्याच्या बोलण्यात वाक्य संपतानाही जरा रेंगाळायचं.

एक दिवस त्याने साखळी काढून, साफ करून पुन्हा चढवली आणि बाभळीच्या ओंडक्यावर करवत धरली. आवाज झाला, धूर निघाला, पण ओंडका कापला काही जाईना. त्याने जोर लावला. आणखी धूर. बाभळीवर एक काळा, गुळगुळीत, चकचकीत पट्टा उमटला.

"देशी बाभूळ आहे," करवत बंद करून, घाम पुसत तो म्हणाला. "कडक असते. जर्मन मशीनला दाद देत नाही."

चारुलता वाकून बघत होती. "साखळीचे दात कुठल्या बाजूला असायला हवेत?"

"फिरते त्या बाजूला. पुढं."

"मग हे मागे का बघतायत?"

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो मटकन ओंडक्यावर बसला.

"उलटी बसवली," तो म्हणाला. "साखळी उलटी बसवली मी. एवढा वेळ मी बाभळीला पॉलिश करायलो होतो."

ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. पदराने डोळे टिपता टिपता तिला दिसलं, की तो आता ओंडक्याकडे नाही, तिच्याकडे बघतोय. हसू आपोआप ओसरलं.

"ज्योतीरामला सांगू नका," तो म्हणाला.

"विचार करते."

"चहा पाजतो."

"लाच?"

"नाही हो... चहाच."

पुढच्या आठवड्यात त्याने साखळी सुलट बसवली, तेल भरलं आणि उत्साहाने मशीन चालू केलं. तेल जरा जास्तच झालं होतं. वेगाने फिरणाऱ्या साखळीवरून त्याची धार उडाली आणि चारुलतेच्या फिक्या अबोली साडीवर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत काळी रेघ उमटली. त्याने मशीन बंद केलं आणि तो नुसता उभा राहिला. चेहरा असा, जणू तेल तिच्या साडीवर नाही, त्याच्याच जिव्हारी लागलं होतं.

"मी धुऊन देतो," तो म्हणाला.

"माझी साडी? तुम्ही?"

"मग... रिठे आणून देतो."

"आमच्या घरी आहेत रिठे."

"मग मी काय करू?"

किती साधा प्रश्न होता. पण त्या दिवशी सायंकाळी बसमध्ये, खांद्यावरची रेघ पदराखाली झाकून उभी असताना, चारुलता त्याच प्रश्नाचा विचार करत राहिली. कुणीतरी आपल्याला असं विचारावं... मग मी काय करू? आणि तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

हिवाळा लागला. करवत आता नीट चालू लागली होती आणि मधुसूदनचा हातही बसला होता. आवारातली लहान झाडं एकेक करून निघत होती. शब्दांचं काम तसं संपलं होतं, त्यामुळे चारुलतेला खाली जायला कारण उरलं नव्हतं. पण करवतीचा आवाज सुरू झाला, की ती टाइप करणं थांबवायची आणि खिडकीशी जायची. क्षणभरच. खालून तो वर बघायचा. कधी कपाळाला हात लावल्यासारखं करायचा, कधी नुसताच बघायचा. मग ती परत टेबलाशी यायची आणि थांबलेलं वाक्य पुढे न्यायला तिला बराच वेळ लागायचा.

एक मोठं शिरीषाचं झाड राहिलं होतं. त्याच्या एका बाजूला मोकळी जागा, दुसऱ्या बाजूला सायकल स्टँड. झाड मोकळ्या जागेकडे पाडायचं होतं. त्याची रीत नंतर हाती आलेल्या पूर्ण पुस्तकात दिली होती आणि चारुलतेने ती फार काळजीपूर्वक मराठीत आणली होती. आधी पडायच्या बाजूला खाच घ्यायची. मग मागून कापत यायचं. पण आरपार नाही. मधे तीन बोटं लाकूड तसंच सोडायचं. त्या लाकडावर झाड दारासारखं वळतं आणि हव्या त्या बाजूला पडतं.

सकाळी ज्योतीराम आणि आणखी दोघांनी दोर बांधले. करवत सुरू झाली. चारुलता उठली. त्या दिवशी तिने अबोली साडी नेसली होती... रिठ्याने धुऊनही फिकट रेघ राहिलेली तीच. ती खिडकीशी गेली आणि नेहमीपेक्षा थोडी जास्त थांबली.

त्याने वर बघितलं. साडी ओळखली. त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटताना तिला दिसलं.

आणि मग झाड कडाडलं. मोकळ्या जागेकडे झुकायच्या ऐवजी ते जागच्या जागी फिरलं. ज्योतीरामच्या हातातला दोर सुटला. "पळाऽ!" असं कुणीतरी ओरडलं, आणि ते अख्खं झाड सायकल स्टँडवर कोसळलं.

सायकल स्टँडवर लक्ष्मणराव म्हणून म्हातारे वॉचमन बसायचे. त्यांची लाकडी खुर्ची बुंध्याखाली सापडली. तिचा चुरा झाला होता. लक्ष्मणराव नळावर पाणी प्यायला गेले होते. हातात पितळी तांब्या घेऊन ते परत आले, खुर्ची होती तिथे त्यांनी बघितलं आणि खाली बसले.

चारुलता जिना उतरताना दोनदा अडखळली. मधुसूदन झाडाशी उभा होता. करवत खाली पडली होती. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

"भाषांतरात काहीतरी चुकलं असणार," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "मागे माळ घातली होती, आता माणूस मारला असता."

ते वाक्य तिच्या मनात जाऊन रुतलं. घरी आल्यावर ती जेवली नाही. मूळ पान काढून तिने एकेक शब्द पुन्हा लावला. खाच, मागचा काप, सोडायचं लाकूड... सगळं बरोबर होतं. तरी विश्वास बसेना. तलवारही शब्दकोशात बरोबरच होती की! एखाद्या शब्दाने लक्ष्मणराव गेले असते तर?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला आणि मधुसूदनला बोलावलं. ज्योतीरामही होता.

"चौसाळकर, तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "मला वाटतं, सूचनाच नीट लिहिलेल्या नसाव्यात. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळणार? तसं असेल तर सांगा. तुमच्यावर येणार नाही."

चारुलतेने मान खाली घातली. मधुसूदनला फक्त 'हो' म्हणायचं होतं. कदाचित तो म्हणेल. म्हणाला असता तर तिलाही ते खरं वाटलं असतं.

"भाषांतर बरोबर आहे, सर," तो म्हणाला. "तीन बोटं लाकूड सोडा, असं स्वच्छ लिहिलंय. मी सोडलं नाही. आरपार कापलं. काम करताना मी दुसरीकडं बघायलो होतो."

"दुसरीकडे? कुठे?"

त्याने नजर पायांकडे वळवली.

"चौसाळकर, मी विचारतोय. कुठे?"

तो काहीच बोलला नाही. पण त्या खोलीत ज्योतीराम होता, आणि ज्योतीरामने नकळत चारुलतेकडे बघितलं. मग साहेबांनी बघितलं.

मधुसूदनला कायम केलं नाही. महिनाअखेरीला त्याने नोकरी सोडावी असं ठरलं. आणि संध्याकाळपर्यंत खिडकीची गोष्ट कंपनीभर झाली.

चारुलतेला राग आला होता. जिन्यात बायका तिला बघून बोलणं थांबवत, कॅन्टीनमध्ये कुणीतरी 'लाकूड सोडा' म्हणून हसे. त्याने एखादं कारण सांगायला काय हरकत होती? ऊन डोळ्यावर आलं म्हणायचं. चक्कर आली म्हणायचं. शेवटच्या दिवशी तो तिच्या दाराशी आला, तर ती कपाटात काहीतरी शोधत राहिली.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचं नाव मी घेतलं नाही."

"घ्यायची गरजच पडली नाही," ती म्हणाली.

मग त्याची पावलं जिन्यावरून खाली गेल्याचं तिने ऐकलं.

राग फार दिवस टिकला नाही. आवारात शेडचं काम सुरू झालं, करवत कपाटात गेली, आणि ती शांतता तिला सोसवेना. मग तिला हळूहळू उमगलं, की राग त्याच्यावर नव्हताच. करवत सुरू झाली की आपण खिडकीशी जातो आणि तो वर बघतो हे तिला माहीत होतं. म्हणून तर त्या दिवशी ती साडी नेसली होती. नजर दोघांची होती. त्याने आपल्या वाट्याचं सगळं कबूल केलं आणि तिच्या वाट्याचं मुकाट्याने झाकून ठेवलं. तिची नोकरी, तिचं काम, तिचे शब्द, सगळं त्याने शाबूत ठेवलं होतं.

तो कुठे गेला ते कुणाला विचारायचं? विचारावं लागलंच नाही. एक दिवस फाटकाशी लक्ष्मणरावांनी तिला थांबवलं. आता ते नव्या लोखंडी खुर्चीवर बसत.

"ताई, चौसाळकर महाळुंग्याला हाय," ते म्हणाले. "माझा मावसभाऊ चिमाजी, त्याची लाकडाची वखार हाय तिथं. कंपन्यांची खोकी बनवितो. म्याच लावून दिला तिकडं."

"तुम्ही?" चारुलता बघतच राहिली. "पण तुम्ही तर..."

"व्हय, मेलो असतो," लक्ष्मणराव शांतपणे म्हणाले. "पर न्हाई मेलो. रोज सांजच्याला माझ्या घरी येऊन बसायचा पोरगा. काय बोलायचा न्हाई. नुसता बसायचा. म्हातारी म्हणली, ह्याला कामाला लावा, न्हाईतर हा असाच बसून वाळंल." त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "रविवारी वखार चालू असती."

रविवारी तिने घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. आधी भोसरी, तिथून चाकण, चाकणला गाडी बदलून तळेगावच्या गाडीने महाळुंगे. फेब्रुवारीचं ऊन कोवळं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि कुठे कुठे हुरड्याचा धूर दिसत होता. वखार रस्त्यालाच लागून होती, पत्र्याची शेड, बाहेर ओंडके आणि फळ्यांचे ढीग.

मधुसूदन एका मोठ्या खोक्याला खिळे मारत होता. तिला बघून हातोडी तशीच वर राहिली.

"मॅडम?"

"बोटावर मारून घ्याल," ती म्हणाली. "आधी तिकडे बघा."

त्याने हातोडी खाली ठेवली. चिमाजीची बायको सावित्रीबाई पलीकडून बघत होती. तिने एक घोंगडी झटकून ओंडक्यावर टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि काही न विचारता आत गेली.

"करवत चालवता इथे?" चारुलतेने विचारलं.

"पहिले काही दिवस नाही चालवली. आवाज झाला की शेडबाहेर जाऊन उभा राहायचो." तो हाताच्या तळव्याकडे बघत बोलत होता. "आता चालवतो. आधी सगळीकडं बघून घेतो. कोण कुठं उभं आहे, कोण कुठं बसलंय. परत एकदा बघतो. माणसं हसतात, पण हसू द्या."

"मी त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलले नाही."

"तुमचं बरोबर होतं. मी गप्प बसलो, तेच जास्त बोलल्यासारखं झालं."

"खोटं सांगता आलं असतं."

"काय सांगणार? कावळा बघायलो होतो म्हणून?"

"कावळा चालला असता."

"साहेबांनी विचारलं असतं, कावळ्याने कुठल्या रंगाची साडी नेसली होती..."

तिने हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही. तोही हसला. किती दिवसांनी तिने ते हसू इतक्या जवळून पाहिलं होतं. मग तिने मान खाली घातली आणि घोंगडीचा एक धागा ओढत म्हणाली,

"मी मुद्दाम उभी राहिले होते. साडीही मुद्दाम नेसले होते. तुम्ही बघावं म्हणून. हे तुम्हाला माहीत असायला हवं."

वखारीमागे कुणीतरी फळ्या रचत होतं, त्यांचा आवाज येत राहिला.

"घरी माझ्या लग्नाचं बघतायत," ती म्हणाली. "पुण्याचं स्थळ आहे. बँकेत आहेत."

"चांगलं आहे," तो म्हणाला. खूप वेळ घेऊन म्हणाला.

"मी सांगितलंय, मला विचार करायचाय."

"मग... केला का?"

"दोन गाड्या बदलून आले मी इथे," चारुलता म्हणाली. "खोकी बघायला नाही आले."

त्याने तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. "माझ्याकडं इथं काहीच नाही, मॅडम," तो हळूच म्हणाला. "खोली आहे, तीही चिमाजीरावांची. कायमची नोकरी नाही. तुमच्या वडलांना मी काय सांगू?"

"जे आहे ते सांगा. साहेबांना सांगितलंत तसं. तुम्हाला तेवढं एकच येतं."

"ते नाही म्हणाले तर?"

"तर मी पुन्हा विचारेन. मलाही एवढं एकच येतं." ती उठली. "पुढच्या रविवारी या. चिंचवडगावात मोघे मास्तरांचं घर कुणीही दाखवेल."

तळेगावहून येणारी गाडी लांबून दिसत होती. सावित्रीबाईंनी घाईने येऊन हरभऱ्याची एक मोठी हिरवीगार जुडी तिच्या हाती दिली. "वाटंत खा गं माय, सोलून." दोघं रस्त्यापर्यंत चालत आली. बोलायचं बरंच होतं, पण गाडी येऊन थांबली. चारुलतेने जुडी थांब्याच्या दगडावर ठेवून पदर खोचला, पैसे हातात घेतले आणि गर्दीतून कशीबशी आत शिरली. खिडकीशी जागा मिळाली. तिने हात वर केला. त्यानेही केला. गाडी सुटली.

आणि मग तिच्या रिकाम्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं.

दगडावरची जुडी उचलून तो गाडीमागे धावत सुटला. धुळीतून, ज्वारीच्या बांधालगत, हिरवा भारा डोक्यावर हलवत, एक पाय चपलेत आणि एक चपलेबाहेर.

"अगं!" तो ओरडत होता. "अगं थांब! चारुलता, अगं थांब की!"

अख्खी गाडी मागे वळून बघायला लागली. एक म्हातारी खिडकीतून डोकं काढून हसली. कंडक्टर दांड्याला धरून चारुलतेजवळ आला आणि वाकून बाहेर बघत म्हणाला,

"ताई, तुमचे मालक हाका मारायलेत वाटतं. थांबवू का गाडी?"

चारुलतेच्या गालांवर ऊन चढलं. गाडीतली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती आणि या वेळी तिला कुठेही लपावंसं वाटलं नाही.

"हो," ती म्हणाली. "थांबवा."